केस न गळणारं कुत्रं

रायते साहेब आमच्याकडे चहाला आले की कप हातात घेऊन आधी उजेडाकडे धरत. मग कप थोडा तिरका करून सायीच्या कडेकडेने नजर फिरवत आणि काही सापडलं नाही की काहीशा नाइलाजानेच पहिला घोट घेत.

"तुमचा चहा चांगलाच असतो वहिनी," ते मला म्हणत. "ही आपली सवय आहे."

सवय लागली ओझरला. तिथल्या विमानांच्या कारखान्यात ते उभी नोकरी तपासणी खात्यात होते. विमानाच्या पोटावरचं झाकण बंद होण्याआधी आत काही राहून गेलं नाही ना, हे बघणं त्यांचं काम. राहून गेलेला स्क्रू असो, चिंधी असो की डोक्यावरचा केस, तिथल्या भाषेत त्याला 'फॉरेन ऑब्जेक्ट' म्हणत. निवृत्त झाल्यावर साहेबांनी आडगाव नाक्याच्या पुढे आमच्या सोसायटीत, आमच्या समोरच्या दारी फ्लॅट घेतला आणि विमान पडू नये म्हणून शिकलेली विद्या त्या फ्लॅटला लागू केली. तो फ्लॅट कधी उडणार नव्हता, पण त्याची तयारी पूर्ण होती.

त्यांच्या खिशात पेनाएवढी एक बॅटरी असायची. बोलता बोलता ते खाली वाकून सोफ्याखाली उजेड टाकत. स्वतःच्या घरातल्या तर टाकतच, दुसऱ्याच्याही घरातल्या टाकत. आमच्या सत्यनारायणाला त्यांनी प्रसादाच्या शिऱ्यातून एक केस काढला, दोन बोटांत धरला आणि जमलेल्या सगळ्यांच्या डोक्यांवरून सावकाश नजर फिरवली. बायका पदर सारखा करायला लागल्या. नजर शेवटी गुरुजींच्या शेंडीवर येऊन थांबली.

"सापडला," साहेब म्हणाले, आणि उरलेला शिरा निश्चिंतपणे खाल्ला. त्या दिवसापासून गुरुजी आमच्या सोसायटीत टोपी घालून येऊ लागले.

अशा माणसाच्या घरात मंदावहिनी राहत होत्या. लग्न झाल्यापासून केस विंचरायचे ते न्हाणीघरात आणि दार लावून, असा त्यांचा नेम. अंबाड्यावर जाळी. शेंगदाणे सोलायचे ते गॅलरीत, वाऱ्याची दिशा बघून. त्या हसायच्यासुद्धा ओठ मिटून, जणू हसण्याचाही भुगा खाली पडेल.

त्यांची मुलगी प्राजक्ता नवऱ्याबरोबर कॅनडाला गेली आणि ते घर आणखीनच स्वच्छ झालं. एके संध्याकाळी मी त्यांचं भांडं परत करायला गेले होते. साहेब पेपर वाचत होते. मंदावहिनी गॅलरीच्या दारात उभ्या होत्या. बाहेर बघतच त्या म्हणाल्या, "मला कुत्रं पाहिजे."

साहेबांनी पेपर खाली घेतला. "काय पाहिजे?"

"कुत्रं. पाळायला."

मला वाटलं, आता भूकंप होणार. पण रायते साहेब कारखान्यातून तयार झालेले गृहस्थ. 'नाही' हा शब्द त्यांनी कधी वापरला नव्हता. ते निकष ठरवत.

"आणू की," ते म्हणाले. "फक्त केस न गळणारं आणू."

मंदावहिनींचा चेहरा उजळला. आम्हा दोघींनाही तेव्हा कळलं नाही, की त्या घरात नकार असाच दिला जातो.

शोध सुरू झाला. साहेब दिवसभर मोबाइलवर कुत्र्यांचे व्हिडिओ बघू लागले. पूडल, माल्टीज, शित्झू, ल्हासा ही नावं ते सोयऱ्यांची आडनावं घ्यावीत तशी घेऊ लागले. पण ऐकीव माहितीवर विश्वास ठेवणारा माणूस तपासणी खात्यात टिकत नाही. त्यांनी स्वतःची चाचणी काढली. प्राजक्ताच्या लग्नात शिवलेला काळाभोर सूट अंगात चढवायचा, कुत्रं असलेल्या घरी जायचं, कुत्रं मांडीवर घ्यायचं, परत येऊन ट्यूबलाइटखाली सूट तपासायचा. ऐन उन्हाळ्यात, भर दुपारी, काळा सूट घालून साहेब स्कूटरवर निघत. तळमजल्यावरच्या देसलेकाकांनी मला हळूच विचारलं, "साहेबांनी वधू-वर सूचक मंडळ काढलंय का हो?"

तसं म्हटलं तर खोटंही नव्हतं. कुत्र्याचे आईवडील कुठले, घराण्यात कुणाला त्वचेचा विकार आहे का, स्वभाव शांत आहे का, सगळी चौकशी व्हायची. पोहे खाल्ले जायचे. आणि घरी येऊन 'कळवतो' म्हणून सांगितलेलं कधीच कळवलं जायचं नाही.

एकदा साहेब देवळाली कॅम्पात एका निवृत्त कर्नलांकडे गेले, तेव्हा मंदावहिनी आणि त्यांच्या आग्रहाने मी, अशा आम्ही दोघी रिक्षाने मागोमाग गेलो. कर्नलांचा गोल्डन रिट्रीव्हर दारातच साहेबांच्या छातीवर दोन्ही पाय ठेवून उभा राहिला. साहेबांनी श्वास रोखून धरला.

"गळतो का हो हा?" त्यांनी विचारलं.

"छे! आम्हाला तर कधी जाणवलं नाही," कर्नलांच्या पत्नी म्हणाल्या.

साहेब सोफ्यावर टेकले आणि लगेच थोडे उठले. हात फिरवून बघितला. "हा सोफा... याचा मूळ रंग कोणता?"

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. "मरून होता ना हो?"

"मरून?" कर्नल म्हणाले. "मला वाटतं निळा."

परत येताना साहेब स्कूटर कर्नलांच्या दारातच ठेवून आमच्याबरोबर रिक्षाने आले, कारण स्कूटरची सीट त्यांना सुटापासून वाचवायची होती.

मग कॉलेज रोडवरचं एक दुकान झालं. तिथल्या विक्रेत्याने पांढरंशुभ्र पूडलचं पिल्लू पुढे ठेवलं. "घेऊन टाका साहेब. एक केस गळायचा नाही. लिहून देतो."

साहेबांनी खिशातून चिकटपट्टी काढली, पिल्लू बसलेल्या गादीवर दाबली आणि उचलून उजेडात धरली. पट्टीला एक बारीक केस चिकटला होता.

"हा?"

विक्रेता क्षणभर गडबडला. "हा माझा असेल."

साहेबांनी त्याच्या डोक्याकडे पाहिलं. त्याचं टक्कल इतकं तुळतुळीत होतं की त्यात दुकानातला पंखा फिरताना दिसत होता. साहेबांनी पट्टीची नीट घडी घातली आणि पायऱ्या उतरले.

उन्हाळा गेला, गणपती झाले. मंदावहिनींनी आधी उत्साहाने एक वाडगा आणून ठेवला होता, जुन्या चादरीची गादी शिवली होती. हळूहळू त्या वाडग्यात लसूण राहायला लागला. त्या आता साहेबांना 'कुठलं बघितलं?' असं विचारेनाशा झाल्या. साहेबांना वाटलं, बायकोला धीर धरायला जमू लागलं.

त्याच सुमारास निफाडजवळच्या त्यांच्या गावी, थोरल्या भावाच्या घरी, नातीचा साखरपुडा होता. थोरल्या भावाला सगळे नाना म्हणत. साहेबांच्या गाडीत जागा होती, म्हणून आम्ही नवराबायकोही गेलो. द्राक्षबागेच्या कडेला घर, पुढे मोठं अंगण, आणि अंगणात धुळीच्या रंगाचा एक भलामोठा कुत्रा आडवा पसरलेला.

"सरपंच, सरक बाजूला!" नाना ओरडले. कुत्रा सरकला.

"याचं नाव सरपंच?" माझ्या नवऱ्याने विचारलं. "खऱ्या सरपंचाला राग नाही येत?"

"त्यो आयकत नाय, ह्यो आयकतो. राग कशाचा?" नाना म्हणाले.

जेवणं झाल्यावर माणसं ओट्यावर बसली. कुणीतरी विषय काढला आणि साहेबांनी केस न गळणाऱ्या कुत्र्याची शास्त्रीय माहिती द्यायला सुरुवात केली. दुहेरी आवरण, एकेरी आवरण, केस वाढण्याचं चक्र. नाना तंबाखू मळत ऐकत होते. साहेब थांबल्यावर म्हणाले, "आरं मुरल्या, कुत्र्याचे केस नाय गळायचे, तर काय गहू गळायचे का?"

ओटा हसला. साहेब मात्र हसले नाहीत. त्यांची नजर अंगणात गेली होती. तिथे मंदावहिनी फरशीवर फतकल मारून बसल्या होत्या आणि सरपंचाने आपलं डोकं त्यांच्या मांडीवर टाकलं होतं. त्या त्याच्या कानामागे खाजवत होत्या, काहीतरी सांगत होत्या, आणि हसत होत्या. ओठ उघडून, मोठ्याने. शेजारी राहून मी त्यांचं ते हसणं कधी ऐकलं नव्हतं.

"मंदा," साहेब म्हणाले, "साडी."

मंदावहिनींनी साडीकडे पाहिलं. अमसुली रेशमी साडीवर पिवळट केसांचा थर बसला होता. "धुवीन," त्या म्हणाल्या आणि पुन्हा खाजवायला लागल्या.

निघायची वेळ झाली. मंदावहिनी नानांच्या सुनेचा निरोप घेऊन गाडीपाशी आल्या, तेव्हा साहेब मागच्या सीटवर वर्तमानपत्र अंथरत होते. नीट, घडी न पडू देता, अगदी दाराच्या कडेपर्यंत.

"हे कशाला?" त्यांनी विचारलं.

"तुझ्यासाठी. बस आता."

मंदावहिनी त्या वर्तमानपत्राकडे बघत उभ्या राहिल्या. मग त्यांनी डिकी उघडली, आपली पिशवी काढली आणि काखेला मारली.

"तुम्ही व्हा पुढं. मी राहते इथंच."

"इथं? कधीपर्यंत?"

"तुमचं कुत्रं ठरेपर्यंत," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "प्राजक्ताचं लग्न ठरवताना एवढी घरं नव्हती पाहिली तुम्ही. तुम्हाला नकोय ना, तर तसं म्हणायचं होतं. मी काय भांडले असते का?"

सरपंच उठून मंदावहिनींच्या मागोमाग घरात गेला.

परतताना गाडी साहेबच चालवत होते. चांदोरीला साहेब म्हणाले, "सीट कव्हर नवीन आहेत ना."

त्यानंतर साहेब एकटे राहिले. दारावरून जाताना आतून कपडा मारल्याचा आवाज यायचा. पण कचरा करणारंच कुणी नसेल तर स्वच्छ करायचं काय? एका संध्याकाळी मी वांग्याची भाजी घेऊन गेले. घर आरशासारखं होतं. साहेब सवयीने बॅटरी घेऊन खुर्च्यांवरून उजेड फिरवत होते. मंदावहिनी बसायच्या त्या खुर्चीच्या पाठीवर त्यांचा हात थांबला. एक लांब, अर्धा पांढरा केस विणकामात अडकला होता.

त्यांनी तो ओढला नाही. बराच वेळ त्यावर उजेड धरून उभे राहिले.

"मंदाचा आहे," ते म्हणाले. मग बॅटरी बंद केली आणि केस तिथेच राहू देऊन त्यांनी माझ्या हातातली भाजी घेतली. त्या दिवशी त्यांनी वाटी उजेडात धरली नाही.

दुसऱ्या दिवशी ते काळा सूट न घालता, साध्या शर्टावर, प्राण्यांच्या डॉक्टरबाईंकडे गेले. ते संभाषण त्यांनीच नंतर मला सांगितलं, आणि प्रामाणिक माणूस असल्यामुळे स्वतःची फजिती वगळली नाही.

"मॅडम, अजिबात केस न गळणारं कुत्रं असतं का?"

"अजिबात केस न गळणारा माणूस बघितलाय का तुम्ही?" बाईंनी विचारलं. "काहींचे कमी गळतात. पण जे गळत नाहीत ते वाढतात. म्हणजे रोज विंचरा, महिना-दीड महिन्याने कापा. गळायचं काम कुत्र्याने नाही केलं तर ते तुम्हाला करावं लागतं. चालेल?"

"चालेल," साहेब म्हणाले. एका दमात, निकष न लावता.

बाईंच्या ओळखीतलं एक कुटुंब बदली होऊन चाललं होतं. त्यांचा वयात आलेला शित्झू होता, त्याला घर हवं होतं. साहेबांनी त्याला उचललं, शेजारच्या सीटवर ठेवलं आणि गाडी थेट निफाडच्या दिशेने घातली. नानांनी दारातच विचारलं म्हणे, "हे कुत्रं हाय का पायपुसणं?" मंदावहिनी बाहेर आल्या. कागदोपत्री त्याचं नाव प्रिन्स होतं. त्यांनी त्याला उचलून घेतलं, डोळ्यांवरची झुलपं बाजूला सारली आणि म्हणाल्या, "गोट्या!" कुत्र्याने तेव्हाच नाव बदललं.

तिघंही परत आले आणि इथे गोष्ट संपली असं सोसायटीला वाटलं. मलाही वाटलं.

गोट्याचे केस खरोखर गळत नव्हते. पण ते केस जगातली इतर प्रत्येक वस्तू धरून ठेवत. मोकळ्या प्लॉटवर फेरी मारून आला की अर्धा प्लॉट त्याच्याबरोबर जिना चढायचा. कुसळं, आघाड्याचं बी, वाळकी पानं, कुणाच्या तरी लग्नातल्या अक्षता, एकदा तर गोट्याच्या पोटाखाली चॉकलेटच्या कागदात गुंडाळलेला जिवंत मुंगळा निघाला. पहिल्या दिवशी साहेब मटकन खाली बसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी चष्मा पुसला. तिसऱ्या दिवशी त्यांना उमगलं, की देवाने त्यांच्यासाठी घरपोच विमान पाठवलं आहे.

गॅलरीत टेबल लागलं. त्यावर दिवा, कंगवे, चिमटा, भिंग. गोट्या फेरीवरून आला की थेट टेबलावर. नाकापासून शेपटीपर्यंत डावी बाजू, मग उजवी बाजू, मग पोट. साहेब सरळ बसू लागले. त्यांचा आवाज खणखणीत झाला. येणाऱ्याजाणाऱ्याला ते हात वर करून दाखवत, "आज तीळ निघाले. संक्रांत लांब आहे, तीळ आले कुठून?" देसलेकाका म्हणाले, "माणूस पुन्हा नोकरीला लागला."

पण तपासणी पूर्ण होईपर्यंत गोट्याला हात लावायची परवानगी कुणाला नव्हती. मंदावहिनींनाही नव्हती. त्या वाडगा घेऊन दारात उभ्या राहत. "झालं का हो?" "पोट राहिलंय." तपासणी होता होता गोट्याला झोप लागायची. झोपलेल्या गोट्याला साहेब गादीवर ठेवायचे आणि ओठांवर बोट ठेवून सांगायचे, "उठवू नकोस. हलला की धूळ धरतो."

"सुनंदाताई," एकदा मंदावहिनी माझ्याजवळ बसून म्हणाल्या, "मला कुत्रं पाहिजे होतं. मिळाला पुन्हा कारखाना."

त्यानंतर एकदा साहेब पेन्शनच्या कामाला ओझरला गेले. मंदावहिनींनी गोट्याला उचललं आणि डॉक्टरबाईंकडे नेऊन मशीन फिरवून आणलं. पार बोटभरही केस ठेवला नाही. त्या सगळ्या झालरी गेल्यावर आतून जे निघालं ते एखाद्या मुंज झालेल्या बटूसारखं दिसत होतं. मोठे डोळे, मोठे कान आणि बाकी नुसता संकोच.

साहेब आले तेव्हा मी तिथेच होते. गोट्या शेपूट हलवत पुढे धावला. साहेब एक पाऊल मागे सरले.

"हे कोण?"

"गोट्या."

साहेबांनी टेबलाकडे पाहिलं, गोट्याकडे पाहिलं. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "मग आता तपासायचं काय?"

"काही नाही," मंदावहिनी म्हणाल्या. "आता नुसतं मांडीवर घ्यायचं. जमेल का?"

साहेबांना ते जमत नव्हतं. हात कुठे ठेवायचे हेच त्यांना कळेना. कामाशिवाय कुणाला हात लावायची वेळ त्यांच्यावर फारशी आली नसावी. ते सोफ्यावर बसले, गोट्या मांडीवर चढला, आणि दोघेही फोटो काढायला बसल्यासारखे समोर बघत राहिले. थोड्या वेळाने गोट्या कंटाळून आडवा झाला. साहेबांनी दोन बोटांनी त्याच्या पाठीवर एकदा, काही सापडतंय का अशा बेताने, आणि मग पुन्हा एकदा, कशाही बेताशिवाय, हात फिरवला.

त्या वर्षी थंडी लवकर पडली. नाशिकची थंडी, बागाईतदारांनी द्राक्षांसाठी बागेत शेकोट्या पेटवाव्यात अशी. बोडका गोट्या कुडकुडू लागला. मंदावहिनींनी त्याच्यासाठी लाल लोकरीचा स्वेटर विणला. लोकर हलकी होती. गोट्याचा एकही केस गळत नव्हता, पण स्वेटर अष्टौप्रहर गळत होता. सोफ्यावर लाल, पडद्यावर लाल, साहेबांच्या भुवयांवर लाल. आम्ही सगळे वाट बघत होतो, की आता काय होणार.

मी धीर करून विचारलं, "साहेब, घरभर हे..."

साहेबांनी शर्टावरचा लाल तंतू उचलून उजेडात धरला, आणि परत शर्टावर ठेवला.

"लोकर आहे, वहिनी," ते गंभीरपणे म्हणाले. "केस नाही. निकषात बसतं."

पुढच्या वर्षी आम्ही सोसायटी सोडली. माझ्या नवऱ्याच्या गुडघ्यांना जिना झेपेना, म्हणून नाशिक रोडला लिफ्ट असलेलं घर घेतलं. सामान टेम्पोत चढल्यावर मी निरोप घ्यायला समोर गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. मंदावहिनी आतल्या खोलीत प्राजक्ताशी मोबाइलवर बोलत होत्या, कॅमेऱ्यात बघून मोठमोठ्याने हसत होत्या. अंबाड्यावर जाळी नव्हती.

साहेब माझ्याकडे पाठ करून गॅलरीत बसले होते. शेजारच्या खुर्चीवर गोट्या. साहेबांनी चहा बशीत ओतला, फुंकर घातली आणि बशी गोट्यापुढे धरली. गोट्याने लपलप करत ती साफ केली. साहेबांनी एकदा आतल्या खोलीचा कानोसा घेतला. मग कपातला उरलेला चहा त्यांनी त्याच बशीत ओतला, आणि भुरका मारला.

मी हाक न मारता दार पुन्हा लोटलं आणि जिना उतरले.